न दिलेली दवंडी

माझ्या कामाला मराठीत धड नाव नव्हतं. ओळखपत्रावर ‘क्षेत्र निरीक्षक, सुशासन देखरेख’ असं छापलेलं होतं. वेल्ह्याकडच्या एका म्हातारीनं ते ओळखपत्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "म्हंजी तुमी सायबीन का?"

मी म्हटलं, नाही.

"मंग सायबाच्या हाताखालच्या?"

तेही नाही.

"मंग तुमी करता काय?"

"आजी, सरकारनं जे करीन म्हणून सांगितलंय, ते करतंय की नाही ते बघते आणि लिहून पाठवते."

"आन् न्हाई केलं तर?"

"तर ‘नाही केलं’ असं लिहिते."

म्हातारीनं ओळखपत्र माझ्या हातात परत ठेवलं. "बरं हाय," ती म्हणाली. "कुनाला तरास न्हाई, आसं काम हाय."

तेव्हा मला हसू आलं होतं. आता ती आठवण आली की हसू येत नाही.

मी भोरची. वडिलांचं बाजारपेठेत शिंप्याचं दुकान होतं. शमीमला मास्तरीण करायचं हे त्यांनी मी सातवीत असतानाच ठरवून टाकलं होतं, आणि तसंच झालं. माध्यमिक शाळेत मी पंचवीस वर्षं मराठी शिकवलं. व्याकरण हा माझा आवडीचा विषय. पुढे घशानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, आता वर्ग नको. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरी बसले. घरी बसण्याची सवय नव्हती, त्यामुळे चिडचिड वाढली.

त्याच सुमारास देशात ते सगळं झालं. नावं घेत नाही, वाचकांना आठवत असेलच. रोज नवा घोटाळा, मैदानात उपोषणं, हातात मेणबत्त्या घेतलेली माणसं, दिल्लीत सरकार आज पडतं की उद्या अशी अवस्था. भोरच्या चौकातसुद्धा एक मोर्चा निघाला. त्यात मी होते. आयुष्यात पहिल्यांदा. लोक शांत व्हावेत म्हणून मग सरकारनं एकामागून एक शब्द दिले. प्रत्येक कार्यालयात कामांचा फलक लागेल, कोणतं काम किती दिवसांत होईल ते त्यावर लिहिलेलं असेल. तक्रारपेटी असेल. ग्रामसभा कागदावर नव्हे, खरोखर होतील. ठरावीक काळानं जनसुनवाई होईल, तिथं साहेब समोर बसतील आणि सामान्य माणूस बोलेल.

हे शब्द पाळले जातात की नाही हे पाहायला पुण्यातल्या एका संस्थेनं माणसं नेमली. भोर आणि वेल्हे हे दोन तालुके माझ्या वाट्याला आले. काम साधं होतं. गावात जायचं, डोळ्यांनी बघायचं, चार पानी तक्ता भरायचा. प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकोन: होय, नाही, लागू नाही. एकात खूण करायची. मत लिहायला जागा नव्हती. आमचे पुण्याचे समन्वयक प्रशिक्षणात म्हणाले होते, "बाई, तुम्ही पंच. पंचानं फक्त बघायचं. बॅट हातात घ्यायची नाही." मला ते पटलं होतं. शिक्षकाला तटस्थपणाचं आकर्षण असतंच.

सकाळच्या एसटीनं कापूरहोळला उतरायचं, तिथून नसरापूर, तिथून मिळेल ती जीप किंवा टेम्पो. उरलेलं अंतर पायी. पहिल्या दोन वर्षांत माझ्या तीन चपला झिजल्या आणि वजन उतरलं. घसा मात्र सुधारला. गावात बोलायला फार लागायचं नाही, ऐकायलाच लागायचं.

गमतीही पुष्कळ झाल्या. पालीच्या बाजूच्या एका गावात कामांचा फलक पाहिला. नवा कोरा, निळ्या रंगाचा. त्यावर ‘तक्रार’ऐवजी ‘तक्कार’ असं लिहिलेलं. मराठीची शिक्षिका, नजर तिथेच गेली. मी ‘होय’वर खूण केली. चार दिवसांनी डोंगरापलीकडच्या गावात गेले तर तिथेही निळा फलक, तिथेही ‘तक्कार’. म्हटलं, रंगारी एकच असेल. तिसऱ्या गावात पोचले तेव्हा ग्रामसेवक फलक दोरीनं सायकलच्या कॅरिअरला बांधलेला सोडवत होते. मला बघून त्यांच्या हातातली दोरी तशीच राहिली.

"भाऊसाहेब, हा कितव्या गावचा?"

"तिन्ही गावचा," ते म्हणाले. लपवाछपवी केली नाही. "बाई, तीन गावांचा चार्ज एका माणसाकडं. मी एक, माझी सायकल एक. मग फलक तीन कशाला पाहिजेत? मी जिथं असतो तिथं तो असतो. मी नसलो की फलक वाचून तरी लोक काय करणार?"

मी तिन्ही ठिकाणी ‘नाही’ लिहिलं. त्यांना नोटीस गेली. पुढच्या खेपेला तिन्ही गावांत फलक होते आणि त्या ग्रामसेवकांकडे चौथं गाव आलेलं होतं.

तक्रारपेट्यांचं तर विचारू नका. बहुतेक ठिकाणी पेटीची किल्ली ज्याच्याविरुद्ध तक्रार यायची त्याच्याच खिशात असे. एके ठिकाणी पेटी उघडली तर आत गांधीलमाश्यांचं पोळं. पंचायतीचा शिपाई म्हणाला, "म्हनून तर उगडत न्हाई आमी." दुसऱ्या एका पेटीत वर्षभरातली एकच चिठ्ठी निघाली: ‘ही पेटी जरा खाली लावावी. हात पुरत नाही.’ ज्यानं ती टाकली त्याला कोणीतरी उचलून धरलं असणार.

असं काम चालू होतं. अंगात उत्साह होता. मला वाटायचं, या देशात काहीतरी हललंय आणि ते हलणं माझ्या तक्त्यातून दिसतंय. भागूजी भेटले ते याच दिवसांत.

वेल्हे तालुक्यातलं एक डोंगराकडचं गाव. नाव लिहीत नाही. खाली गावठाण, वर टेकाडावर पंधरा-वीस घरांची वस्ती. भागूजी त्या वरच्या वस्तीतले, आणि गावचे कोतवाल. कोतवाल म्हणजे महसूल खात्याचा गावातला अगदी शेवटचा माणूस. नोटिसा पोचवायच्या, साहेब आले की खुर्च्या मांडायच्या, आणि गावात काही सांगायचं असेल तर दवंडी द्यायची. पूर्वी हलगी असायची. भागूजींकडे तेलाचा रिकामा डबा होता, त्यावर काठी मारत ते घरोघर फिरत. खालच्या गावाला निरोप मोबाइलवर जात असत, पण वरच्या वस्तीला रेंज नव्हती. तिथं भागूजींचा डबा वाजला नाही तर गावात काय चाललंय ते कोणाला कळायचं नाही.

त्या गावाच्या ग्रामसभेचं रजिस्टर मी तपासलं. सगळं चोख होतं. तारीख, वेळ, हजेरीच्या सह्या, अंगठे आणि ‘दवंडी दिली’ या शब्दांखाली भागूजींची सही. त्या सभेत एक ठराव झाला होता. वस्तीच्या खालच्या अंगाचं गायरान एका पर्यटन प्रकल्पाला द्यायला गावाची हरकत नाही. त्या गायरानात उंबराखाली एक झरा होता. वरची वस्ती बारा महिने त्याच झऱ्याचं पाणी पीत होती.

नियमाप्रमाणे मी घरोघर जाऊन विचारलं, ग्रामसभेला गेला होतात का? वरच्या वस्तीत एकही माणूस ‘होय’ म्हणाला नाही. एका बाईनं सांगितलं, "रेशनसाठी पायजे म्हनून अंगठा घेतला व्हता." ठरावाचं तर कोणी ऐकलंही नव्हतं. भागूजींना विचारलं. ते दारात बसून दोरी वळत होते. पन्नाशी उलटलेला, सडपातळ, मान खाली घालून बोलणारा माणूस.

"दवंडी दिली होती का?"

"व्हय. दिली की."

मान वर केली नाही. मी तक्त्यावर काही लिहिलं नाही आणि निघाले. एसटीच्या थांब्याला तीन किलोमीटर उतरायचं होतं. अर्ध्या वाटेवर मागून पावलं वाजली. भागूजी. जरा वेळ बरोबर चालले. मग म्हणाले, "बाई, येक इचारू का?"

"विचारा ना."

"केलेली सई माघारी घेता येती का?"

मी थांबले. ते थांबले नाहीत, तसेच चालत, समोर बघत सांगत राहिले. सभा झालीच नव्हती. सरपंचबाईंच्या मालकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, कोऱ्या रजिस्टरवर सही घेतली. म्हणाले, नेहमीचंच काम आहे. भागूजींनी विचारलं नाही. "आमी काय इचारनार? सायेब म्हनलं उठ, उठायचं." ठराव झऱ्याचा आहे हे त्यांना पुढं महिन्याभरानं, जमीन मोजायला माणसं आली तेव्हा कळलं.

"माजी मंडळी त्याच झऱ्यावर जाती," ते म्हणाले. "तिला आजून सांगितलं न्हाई म्या."

जनसुनवाई तीन आठवड्यांवर होती. मी पंच होते. माझं काम एवढंच, की ‘ग्रामसभा प्रत्यक्ष झाली का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’वर खूण करायची. तेवढं करून मी गप्प बसले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण मी त्यांना म्हटलं, "तुम्ही सुनवाईत उभं राहून हे सांगा. एकट्या तुमच्या बोलण्यानं ठराव पडेल."

"आन् माजं काय व्हईल?"

माझ्या पिशवीत नियमांची पुस्तिका होती. मी ती रस्त्यात उघडली, पान काढलं आणि वाचून दाखवलं: ‘साक्ष देणाऱ्या व्यक्तीस कोणताही त्रास होणार नाही याची दक्षता घेण्यात येईल.’

त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. "सरकारचंच हाय न्हवं हे?"

"सरकारचंच आहे."

पंचवीस वर्षं मी मुलांना प्रयोग शिकवले. कर्तरी, कर्मणी, भावे. वाक्यातला कर्ता शोधा, म्हणून फळ्यावर शेकडो वाक्यं लिहिली. ‘दक्षता घेण्यात येईल.’ कोण घेणार? या वाक्याला कर्ता नाही, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं नाही.

सुनवाईच्या आदल्या आठवड्यात भागूजी भोरला माझ्या घरी आले. जबाब लिहून घ्यायचा होता. दारात चपला काढून ते भिंतीला टेकून खाली बसले, खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसले नाहीत. आमच्या ह्यांनी चहा केला. मी ते बोलतील तसं लिहीत गेले, मग वाचून दाखवलं. एके ठिकाणी मी ‘दबावाखाली सही केली’ असं लिहिलं होतं. ते म्हणाले, "दबाव न्हवता बाई. त्यांनी सांगितलं, म्या केली. जे झालं त्येच लिवा." मी ‘दबावाखाली’ खोडलं. खोडायला नको होतं. कायद्यात त्या एका शब्दाला फार किंमत असते हे मला नंतर कळलं.

सुनवाई तालुक्याच्या ठिकाणी एका सभागृहात झाली. समोर टेबलावर साहेब, पुढच्या रांगेत गावोगावचे पुढारी. मागे वरच्या वस्तीच्या बायका पदर सावरून बसलेल्या. त्या पहाटे चालत निघाल्या होत्या. भागूजींचं नाव पुकारलं. ते उभे राहिले आणि पाठ केल्यासारखं म्हणाले, "सायेब, म्या दवंडी दिली न्हाई. सभा झाली न्हाई. सई माजी हाय, पर खोटी हाय."

साहेबांनी चष्मा काढला. "दवंडी दिली नाही, मग दिली म्हणून सही का केली?"

"सांगितली म्हनून केली."

"कोणी सांगितली?"

भागूजींनी पुढच्या रांगेकडे पाहिलं. "सरपंचबाईंच्या मालकांनी."

ते गृहस्थ बसल्या जागेवरून हसले. "साहेब, मी पंचायतीत कोण आहे? माझं तिथं पदच नाही. मी कसं सांगणार? त्याचं काम, त्याची सही."

साहेब पुन्हा भागूजींकडे वळले. "म्हणजे शासकीय दप्तरात खोटी नोंद केली, हे तुम्ही कबूल करता?"

"व्हय, सायेब."

साहेबांनी कारकुनाला शब्दन् शब्द लिहून घ्यायला सांगितलं आणि तिथल्या तिथे जाहीर केलं, ठरावाची चौकशी होईपर्यंत त्याला स्थगिती. मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पंच म्हणून मी वाजवल्या नाहीत, पण माझे डोळे भरून आले होते. बाहेर पायरीवर भागूजींच्या मंडळींनी, हौसाबाईंनी, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "झऱ्याचं पानी प्यायला या एकदा." मी येते म्हटलं.

दोन महिन्यांनी ठराव रद्द झाला. त्याच आठवड्यात भागूजींना कामावरून कमी केल्याचा आदेश आला. ‘कर्तव्यात कसूर व खोटी नोंद केल्याचे सदर इसमाने स्वतः कबूल केले असल्याने.’ चौकशीत दुसऱ्या कोणाचंही नाव आलं नाही. ग्रामसेवकांची बदली झाली होती, ती त्यांना हव्या त्या गावी. सरपंचबाईंच्या मालकांना पद नव्हतं, त्यामुळे दोषही नव्हता. सगळ्या गावात ज्या एका माणसानं खरं सांगितलं, त्याच्या एकट्याच्याविरुद्ध पुरावा होता, आणि तो पुरावा त्याचंच बोलणं होतं. ते मी लिहून दिलेलं होतं.

मी तक्ता भरायला बसले. शेवटच्या पानावर प्रश्न होता: ‘प्रकरणात जबाबदारी निश्चित करण्यात आली का?’ होय, नाही, लागू नाही. मी पुण्याला फोन केला. समन्वयक म्हणाले, "आदेश निघालाय ना? मग होय. कोणावर निघाला हा प्रश्न तक्त्यात नाही."

मी ‘होय’वर खूण केली.

पुढे वर्षअखेरच्या बैठकीत हे प्रकरण यशोगाथा म्हणून पडद्यावर दाखवण्यात आलं. खोटी ग्रामसभा उघड, ठराव रद्द, दोषीवर कारवाई. दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांनी तोंडभरून कौतुक केलं. मला उभं करून टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले.

गावात ग्रामसभा पुन्हा घ्यावी लागली. या वेळी अगदी नियमानं. नव्या कोतवालानं वरच्या वस्तीत दोनदा दवंडी दिली. सभेचं चित्रीकरण झालं. हजेरी पूर्ण भरली. मी स्वतः मागच्या रांगेत तक्ता घेऊन बसले होते. वस्तीतल्या चार बायका बोलल्या, त्यांचं बोलणं इतिवृत्तात आलं. मग हात वर करायला सांगितलं. खालच्या गावाची घरं जास्त होती, त्यांना प्रकल्पात काम मिळणार असं सांगण्यात आलं होतं. ठराव बहुमतानं मंजूर झाला. माझ्या चार पानांत त्या दिवशी एकही ‘नाही’ नव्हतं.

आता त्या झऱ्याला तारेचं कुंपण आहे. वस्तीला नळ दिलाय. पावसाळ्यात तो चालतो.

भागूजींनी आदेशाविरुद्ध अपील केलं. सुनावणी भोरला ठेवली होती. ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद होते. "बाई," ते म्हणाले, "वकील म्हनतो, म्या आपनहून बोललो, मला तुमी नियम वाचून दाखवला, येवढं तुमी सायबाफुडं सांगितलं तर काम व्हईल. बाकी काय बोलायचं न्हाई."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, विचार न करता.

मग पुण्याला कळवलं. समन्वयक माणूस वाईट नव्हते. त्यांनी शांतपणे समजावलं. निरीक्षकच साक्षीला उभा राहिला तर उद्या प्रत्येक गाव म्हणेल, या बाई पक्षपाती आहेत. दोन्ही तालुक्यांत आपल्याला कोणी रजिस्टर दाखवणार नाही. "एका माणसासाठी सगळं काम घालवायचं का, बाई? तुम्हीच ठरवा."

मी ठरवलं. त्यांनी मला अडवलं नाही, धमकी दिली नाही. मीच हिशेबी शहाणपणा केला. इतकी गावं एका बाजूला, भागूजी एका बाजूला. शिवाय मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती आजवर कुणाला सांगितली नाही. साक्षीत मला विचारलं असतं, तुम्ही यांना कशाच्या आधारे खात्री दिली? आणि मला भर कचेरीत सांगावं लागलं असतं, की मी जे वाक्य वाचून दाखवलं त्याचा अर्थ मलाच कळला नव्हता. पंचवीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला.

सुनावणीच्या दिवशी मी घरी होते. कचेरी माझ्या घरापासून चालत दोन मिनिटांवर. सकाळी मी साडी बदलली, चप्पल घातली, पुन्हा काढली. मग कपाट आवरायला घेतलं. ते दोनच दिवसांपूर्वी आवरलेलं होतं. ह्यांनी दुपारी विचारलं, "जाणार नाहीस?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय." जेवायला बसले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत घड्याळाचा काटा बघत मी घड्या मोडत आणि घालत राहिले.

अपील फेटाळलं गेलं. मला ते महिन्यानं दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

त्यानंतर दोन वर्षांत देखरेखीचं कामच संपलं. देशातलं वादळ केव्हाच शमलं होतं. सरकारं बदलली, माणसं दुसऱ्या गोष्टींवर चिडू लागली. आमची सगळी तक्त्यांची गाठोडी पुण्याच्या कुठल्याशा गोदामात गेली. ज्या गावांची वाट बंद होईल म्हणून मी घरी बसले, त्या गावांतही मग कोणी गेलं नाही.

मी भागूजींच्या वस्तीवर एकदाच गेले. भागूजी कामाला बाहेर गेले होते. हौसाबाई अंगणात होत्या. त्यांनी मला बसायला घोंगडं टाकलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. नळाचंच पाणी होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बाई, मला समजंना म्हनून इचारते. तुमी आमच्यातल्या व्हता, का त्यांच्यातल्या?"

कोणाच्याच नव्हते असं सांगणार होते. पण त्या अंगणात ते बोलायची लाज वाटली.

गेल्या वर्षी साताऱ्याकडून परत येताना आमची गाडी कापूरहोळजवळ चहाला थांबली. ढाब्याच्या आवारात एक म्हातारा शिट्टी वाजवत गाड्या लावून घेत होता. अंगात ढगळ निळा सदरा. मी उतरले आणि ओळखलं. त्यांनीही ओळखलं. शिट्टी तोंडातून काढून हात जोडले. "बाई! घसा कसा हाय आता?"

आम्ही बाजूच्या बाकावर बसलो. ते नसरापूरला लेकीकडे राहतात म्हणाले. हौसाबाईंचे गुडघे गेले, त्यामुळे वस्तीवर चढणं होत नाही. तक्रारीचा एक शब्द नाही. मग स्वतःहूनच म्हणाले, "त्या दिवशी म्या लई वाट बघितली. मंग म्हनलं, गावं बघून येताना बाईंची गाडी चुकली आसंल."

किती सोपं करून दिलं होतं त्यांनी. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"गाडी चुकली नव्हती," मी म्हटलं. "मी घरातच होते, भागूजी. दिवसभर घरात होते."

त्यांनी हातातली शिट्टी सदऱ्याच्या खिशात टाकली.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "तितला शिपाई म्हनला, बाईंचं घर हितं मागंच हाय, दोन मिन्टात बलावून आनतो. म्याच न्हाई म्हनलं."

"का?"

"त्यानं दार वाजीवलं आसतं आन् तुमी आत आसून आला नसता, तर?" त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "न्हाई वाजीवलं म्हनून येवढी वर्सं म्हनता आलं, बाईंची गाडी चुकली आसंल."